जपानचा उत्कर्ष आणि प्रवाशांची साक्ष

जपान पाहून परतलेल्या प्रवाशांच्या बोलण्यात एक निष्कर्ष हमखास असतो: ही माणसं जात्याच शिस्तीची आणि कष्टाळू, म्हणून तो देश राखेतून उभा राहिला. १९४५मध्ये ज्याची शहरं बेचिराख झाली होती, त्याच देशाने १९६४च्या ऑक्टोबरात टोकियोला ऑलिंपिक भरवलं आणि त्याच महिन्यात टोकियो ते ओसाका हे अंतर चार तासांत तोडणारी शिनकानसेन रेल्वे सुरू केली. पाहणारा दिपून जाणारच. त्याने पाहिलं ते खरं आहे. त्यावरून बांधलेलं अनुमान मात्र मला मान्य नाही. उत्कर्ष रक्तातच असेल, तर इतरांना त्यातून शिकण्यासारखं काही उरत नाही. कौतुक करावं आणि स्वस्थ बसावं.

त्याआधीच्या प्रवाशांची साक्ष काढून पाहा. जपानमध्ये अनेक वर्षं राहिलेल्या सिडनी गुलिक या अमेरिकन मिशनऱ्याचा ग्रंथ १९०३मध्ये प्रसिद्ध झाला. पुष्कळ जपानी माणसं आळशी आणि वेळेबाबत बेफिकीर वाटतात, अशी नोंद त्यात आहे. ऋतूप्रमाणे लांब-आखूड होणारे तास मोजण्याची पद्धत तिथे १८७३मध्ये मोडली गेली. मिनिटांचा हिशेब लोकांच्या अंगवळणी पाडला तो रेल्वेने, शाळेने आणि कारखान्याच्या भोंग्याने, आणि त्यालाही काही दशकं लागली.

युद्धानंतरचा इतिहासही असाच निर्णयांचा आहे. माझ्या मते त्यातला सर्वांत मोठा निर्णय प्रवाशाच्या नजरेतून पूर्ण निसटतो, कारण तो शेतात झाला. १९४६च्या कायद्याने गावाबाहेर राहणाऱ्या जमीनदाराची कुळांकडे असलेली सगळी जमीन सरकारने विकत घेतली. गावातल्या जमीनदाराकडे अशी जमीन, होक्काइदो सोडल्यास, साधारण अडीच एकरच राहू दिली. भाव ठरवून दिलेले होते आणि महागाईने ते कवडीमोल झाले. अंमलबजावणीसाठी निवडलेल्या स्थानिक समित्यांत पाच कुळं, तीन जमीनदार आणि दोन स्वतः कसणारे मालक असत. कुळांकडून कसल्या जाणाऱ्या जमिनीचं प्रमाण सुमारे ४६ टक्क्यांवरून १० टक्क्यांच्या आसपास आलं. कूळकायद्याचा अनुभव असलेल्या आपल्या श्रोत्यांना या समित्यांच्या रचनेचं मोल वेगळं सांगायला नको. शेतकऱ्याच्या हाती पैसा राहू लागला आणि देशातल्या कारखान्यांना देशातच गिऱ्हाईक मिळालं.

यावर कोणी म्हणेल, हे तर अमेरिकेने करवून घेतलं. दडपण अमेरिकेचं होतं, हे खरंच; नशिबाचा वाटाही होता. १९५०मध्ये टोयोटा दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती, कामगार संपावर होते आणि संस्थापक किइचिरो टोयोदांना राजीनामा द्यावा लागला. त्याच सुमारास कोरियन युद्ध पेटलं आणि अमेरिकी लष्कराने ट्रकांची मागणी नोंदवली. बाहेरचा हातभार आणखीही होता: पोर्तुगीज गोव्यातलं लोहखनिज जपानी भट्ट्यांकडे जात होतं आणि भारताने १९५२च्या तहात युद्धभरपाईवरचा हक्क सोडला. मग दुसरा, अधिक वजनदार आक्षेप येतो: पैसा आणि मदत इतर देशांनाही मिळाली, ते का नाही असे उठले? इथे संस्कृतीचा वाटा मी मान्य करतो; मात्र ती संस्कृती घडवलेली होती. मेइजी काळापासूनच्या सक्तीच्या शिक्षणाने साक्षर समाज तयार झाला होता. शहरं जळाली तरी कौशल्य उरलं. नौदलासाठी बॉम्बफेकी विमान आखणारे तादानाओ मिकी युद्धानंतर रेल्वेच्या संशोधन संस्थेत गेले आणि शिनकानसेनच्या घडणीत त्यांचं ज्ञान कामी आलं.

आणि ज्या एकोप्याचं प्रवासी कौतुक करतो, तोही आयता नव्हता. १९६०मध्ये मिइकेच्या कोळसा खाणीत हजाराहून अधिक कामगारांना काढून टाकण्यावरून कित्येक महिने झगडा चालला. मिनामाताला पाऱ्याच्या विषबाधेची अधिकृत नोंद १९५६मध्ये झाली, तरी हा पारा पाण्यात सोडणाऱ्या चिस्सो कंपनीची ती उत्पादनप्रक्रिया १९६८पर्यंत चालूच राहिली. भरभराटीची ही किंमत मच्छीमारांच्या घरांनी मोजली. शिस्त म्हणजे निमूटपणा असं ज्यांना वाटतं, त्यांनी या माणसांकडे पाहावं. १९६९मध्ये रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक कंपनीविरुद्ध न्यायालयात गेले आणि १९७३मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.