जीवशास्त्राच्या संस्थेतला लेथ



जीवशास्त्राच्या संशोधन संस्थांमधली सामायिक कार्यशाळा हा आपल्या परिषदेचा विषय आहे, आणि परिषद भरली आहे जयपूरच्या खातीपुऱ्यात. या विषयाला जवळचं असं एक थोर काम याच शहरात झालं. १९६८च्या सुमारास सवाई मानसिंह रुग्णालयात अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर मास्टर रामचंद्र शर्मा यांनी ‘जयपूर फूट’ घडवला. त्यावेळचा परदेशी कृत्रिम पाय बुटात घालून वापरायचा होता. तो लावून उकिडवं बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, शेतातल्या चिखलात अनवाणी उतरता येत नसे. सेठींना पायाची हाडं आणि सांधे ठाऊक होते, शर्मांच्या हाताला लाकूड आणि रबर. सेठींनी नुसतं चित्र काढून ‘असा करून द्या’ म्हणून खाली पाठवलं असतं, तर हा पाय झाला नसता, असं मला ठामपणे वाटतं. १९८१ साली सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मांचं नाव मात्र बराच काळ मागे राहिलं, याची खंत आजही वाटते.

आपल्या बहुतेक संस्थांत नेमकं उलट चालतं. विद्यार्थी कागदावर आकृती काढतो, तळघरातल्या टर्नरकडे देतो, आणि वस्तू हातात आल्यावर ती प्रयोगात चालत नाही. चूक दोघांपैकी कुणाचीच नसते. पितळ लेथवर सुरेख कापलं जातं, पण त्यातलं तांबं संवर्धनातल्या पेशींना मारक ठरतं. थ्रीडी प्रिंटरमधलं पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि ऑटोक्लेव्ह चालतो १२१ अंशांवर. ॲक्रिलिकची पेटी रोज स्पिरिटनं पुसली की तिला बारीक तडे जातात. लेझर कटरमध्ये पीव्हीसी घातलं तर हायड्रोजन क्लोराइड सुटतो. तो फुप्फुसांना घातक आणि यंत्रालाही. यातलं निम्मं टर्नरला माहीत असतं, निम्मं संशोधकाला. म्हणून वस्तू कशासाठी हवी, कशानं पुसणार, किती तापवणार, हे आकृतीच्या आधी बोललं गेलं पाहिजे. कार्यशाळेत यंत्रांइतकंच एक मोठं टेबल आणि समोरासमोर दोन खुर्च्या गरजेच्या आहेत.

बोलण्याइतकाच वेळही महत्त्वाचा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ साली ओबैद सिद्दीकींनी रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला, तो भौतिकशास्त्रज्ञांच्या शेजारी. पुढे वेरोनिका रॉड्रिग्ज यांच्यासह त्यांनी फळमाशीला वास कसा कळतो हे इंग्रजी ‘वाय’च्या आकाराच्या नळीत तपासलं. प्रश्न नवा असला की त्याचं उपकरण कॅटलॉगमध्ये मिळत नाही. आणि माशी वाट पाहत नाही. २५ अंशांवर तिची पिढी दहा दिवसांत पुरी होते. कार्यशाळेचा नंबर दीड महिन्यानं लागत असेल, तर तो प्रश्न विद्यार्थी सोडूनच देतो. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतही १९५३ साली अशीच वेळ आली होती. डीएनएच्या प्रतिकृतीसाठी धातूचे तुकडे कार्यशाळेतून यायला उशीर होता, तेव्हा जेम्स वॉटसननं पुठ्ठा कापून आकार जुळवले आणि बेसच्या जोड्या सापडल्या. पुठ्ठ्यावर भागेल ते पुठ्ठ्यावर करण्याची सोय दारातच हवी.

म्हणून माझं म्हणणं असं. लेझर कटर, प्रिंटर, साधी ड्रिल ही यंत्रं प्रशिक्षण घेतलेल्या विद्यार्थ्यांना खुली ठेवा. पुण्याजवळ पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला, २००२ साली तिथं फॅब लॅब आली, आणि खेड्यातली मुलं यंत्रं हाताळू लागली. मग पीएचडी करणाऱ्यांना का जमू नये? लेथ आणि मिलिंग मात्र जाणत्याच्याच हाती राहू द्या. ओढणी घेऊन, मोकळ्या केसांनी किंवा हातमोजे घालून तिथं कुणी उभं राहू नये, यात सवलत नको.

पैशांचं थोडक्यात सांगतो. सामानाचे पैसे गटानं द्यावेत, मजुरी संस्थेनं. तासाचा दर लावला की नवा, लहान गट कार्यशाळेकडे फिरकत नाही. आणि मोठं अनुदान म्हणून कुणाचं काम रांगेत पुढे जाऊ नये.

पण सगळ्यात जास्त मला काळजी आहे ती माणसांची. आयटीआयमधून आलेला फिटर तीस वर्षं संस्थेची उपकरणं घडवतो, निवृत्त होतो, त्याची जागा रिकामी राहते, आणि त्याच्या आकृत्या कपाटासह रद्दीत जातात. प्रत्येक कामाला क्रमांक द्या, आकृती जपा, कोणतं सामान का निवडलं ते लिहून ठेवा. तुमच्या पुढच्या अंदाजपत्रकात नव्या प्रिंटरच्या आधी यंत्रकाराची कायम जागा मागा. आणि ज्याच्या उपकरणाशिवाय प्रयोग झाला नसता, त्याचं नाव शोधनिबंधाच्या लेखकांमध्ये घाला, ही माझी तुम्हा सर्वांना हात जोडून विनंती आहे.