अर्धशिशी आणि घरचा डॉक्टर
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



केंद्र सरकारच्या सेवेत चार प्रांत हिंडलेला मनुष्य प्रवासाच्या गमतीजमती सांगेल, अशी कार्यवाहांची अपेक्षा असावी. आम्ही मात्र डोकेदुखीवर बोलणार आहोत. डोके आमचे नव्हे, आमच्या सौभाग्यवतींचे. आणि त्यांची अनुमती घेऊनच बोलत आहोत.

अर्धशिशी हा शब्द आपण सर्वांनी आजीच्या तोंडून ऐकलेला आहे. सुश्रुताने उत्तरतंत्रात शिरोरोगांचे ११ प्रकार सांगितले, त्यांत अर्धावभेदक आहे. ग्रीकांनीही त्यास अर्ध्या कवटीचे दुखणे म्हटले आणि तो शब्द झिजत झिजत ‘मायग्रेन’ झाला. प्रत्यक्षात ते दोन्ही बाजूंनाही दुखू शकते. ठणका, मळमळ, उजेड आणि आवाज नकोसा होणे, आणि हे सारे चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत. पुरुषांच्या सुमारे तिप्पट स्त्रियांना हा विकार जडतो. घरातील पुरुषांनी त्याकडे काणाडोळा करण्याचे ते एक कारण असेल काय, हा प्रश्न आम्ही आता स्वतःस विचारतो.

आमच्या घरी हे दुखणे लग्नापासूनचे. सुंठेचा लेप झाला, सूर्योदयापूर्वीची दूध-जिलबी झाली. गावाकडे घरचा डॉक्टर होता. त्याला आमच्या सासूबाईंचे डोकेही ठाऊक होते. पुढे बदल्या सुरू झाल्या. प्रत्येक ठिकाणी नवा दवाखाना आणि पहिल्या पानापासून सांगावयाची तीच कहाणी. शेवटी सौ. कहाणी सांगेनाशाच झाल्या आणि आम्ही औषधाच्या दुकानातून गोळ्यांची पाकिटे आणू लागलो. कचेरीतला एकही कागद फायलीबाहेर राहू न देणाऱ्या माणसाच्या घरी या दुखण्याचा एक चिठोराही नव्हता.

अहिवाऱ्यास आलो तेव्हा मे महिना होता. नंदिनीच्या चुनखडीच्या खाणींचा हा मुलूख. पांढऱ्या धुळीवरून परावर्तित होणारे ऊन येथील मंडळींस सांगावयास नको. दुखणे आठवड्यातून तीन-चार दिवसांवर आले. आम्ही पाकिटांची संख्या वाढविली. एके दिवशी सौ. अंधाऱ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, “अहो, आता गोळीने काहीच होत नाही.” त्या स्वरास आम्ही घाबरलो.

येथले डॉक्टर छत्तीसगढी गृहस्थ. सौ.ची अडचण भाषेची. ठणका, ठुसठुस, कळ, शिणक या सर्वांस हिंदीत एकच सिरदर्द! म्हणून त्यांच्या वतीने आम्हीच बोलू लागलो. डॉक्टरांनी दोन मिनिटे ऐकले आणि नम्रपणे म्हणाले, “साहेब, डोके त्यांचे आहे.” आम्ही गप्प झालो. सौ.नी भीतभीत ‘अर्धशिशी’ म्हटले. डॉक्टर हसले, “आधासीसी!” आणि पुढचा अर्धा तास मराठी, हिंदी व हातवारे यांत उत्तम गेला.

त्यांनी प्रथम धोक्याच्या खुणा विचारल्या. एकाएकी वीज कोसळावी तसे दुखले का, ताप व मान ताठ होणे, हातापायांतील शक्ती जाणे, बोलणे अडखळणे, पन्नाशीनंतर नव्यानेच सुरू झालेले दुखणे. यांपैकी काहीही असते तर घरी न थांबता मोठ्या रुग्णालयात जावे लागले असते. मग प्रश्न आला, “महिन्यात गोळी किती दिवस घेता?” उत्तर आम्हास ठाऊक होते, कारण पाकिटे आम्हीच आणीत होतो. वीस दिवस.

महिन्यात १५ किंवा अधिक दिवस साधी वेदनाशामके, अथवा १० किंवा अधिक दिवस मिश्र गोळ्या वा ट्रिप्टान, असे तीन महिन्यांहून अधिक चालले की औषधच डोके दुखवू लागते. आमच्या प्रेमाने आणलेली पाकिटे दुखण्याची रसद पुरवीत होती! त्या बंद करावयाच्या. आरंभी काही दिवस दुखणे वाढेल, हेही डॉक्टरांनी लपविले नाही.

मग त्यांनी पर्याय मांडले. दुखणे आल्यावर घ्यावयाचे औषध वेगळे आणि ते येऊ नये म्हणून रोज घ्यावयाचे वेगळे. ट्रिप्टान दुखणे सुरू होताच घ्यावे, परंतु हृदयविकार किंवा काबूत नसलेला रक्तदाब असल्यास नको. प्रतिबंधासाठी प्रोप्रॅनोलॉल पुष्कळांना लागू पडते, सौ.ना लहानपणी दमा होता हे कळताच त्यांनी ते बाद केले. हे आम्ही आजवर एकाही डॉक्टरास सांगितले नव्हते. टोपिरामेट आहे, फ्लुनारिझिन आहे, झोपताना घ्यावयाचे अल्प मात्रेचे अमिट्रिप्टिलीन आहे. २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या एरेनुमॅबसारख्या मासिक इंजेक्शनांविषयी आम्ही वर्तमानपत्री ज्ञान पाजळले. ती महाग, आणि साधे उपाय करून पाहिल्यावरची, असे उत्तर मिळाले.

“तोंडाला कोरड आणि थोडी सुस्ती चालेल, की भूक मंदावून वजन उतरलेले चालेल?” असे त्यांनी सौ.ना विचारले. आमच्या संसारात या दुखण्याबाबत त्यांची पसंती प्रथमच कोणी विचारीत होते. त्यांनी सुस्ती पत्करली. रात्रीची झोप तरी लागेल, म्हणाल्या.

उपवासांवर वाद झाला. निर्जळी हरितालिकेच्या दुसऱ्या दिवशी दुखणे ठरलेले. डॉक्टरांनी उपवास सोडा म्हटले नाही. पाणी आणि फळे वेळेवर घ्या, एवढेच म्हटले. सौ.नी निर्जळी सोडली, उपवास सोडला नाही.

पहिले दोन आठवडे कठीण गेले, त्याचे वर्णन करीत नाही. औषधाचा निवाडा दोन-तीन महिन्यांनी करावयाचा होता. एक वही घातली. दुखण्याचा दिवस, वेळ, गोळी, जेवण, झोप. पहिल्या महिन्यात १७ दिवस, दुसऱ्यात ११, चौथ्यात ६. दुखणे गेलेले नाही. जाईल असे डॉक्टरांनीही कधी म्हटले नाही. पुढल्या बदलीचा हुकूम येईल तेव्हा ती वही ट्रंकेत नव्हे, सौ.च्या पर्समध्ये असेल, असे त्यांनीच ठरविले आहे.

त्या आज तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. यानंतर लेझीम व्हावयाचे आहे. कार्यवाहांस एवढीच विनंती की, त्या बाजूचा ध्वनिक्षेपक थोडा हळू ठेवावा.