शिक्षिका घडते कशी?
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



डी. एल. एड.च्या विद्यार्थिनी सरावपाठासाठी शाळेत येऊ लागल्या की आपल्यातल्या काहीजणी कुरकुरतात, “या शिकाऊ पोरी आमच्या मुलांना काय शिकवणार?” त्याविषयीच आज चार शब्द बोलते.

शिकवण्याची हातोटी कोणी जन्मतः घेऊन येत नाही. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. 1957 साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली वारली मुले गुरे राखीत, धाकटी भावंडे सांभाळीत. शाळेत येणार कशी? तेव्हा या बायांनी अंगणातच बालवाडी भरवली, गुरांमागे कुरणात शाळा नेली. पाने, बिया, खडे हीच त्यांची शिक्षणसाधने. ताराबाईंजवळ पदवी होतीच. पण खरे शिक्षण त्यांना त्या मुलांनी दिले.

आपल्या घोटीतही तेच आहे. एका सरावपाठात विद्यार्थिनीने विचारले, “चोवीस सफरचंदे सहाजणांत वाटली, तर प्रत्येकाला किती?” वर्ग गप्प. मागे बसलेल्या जुन्या बाई हळूच म्हणाल्या, “आवणीच्या मुठी घे.” चोवीस मुठी, सहा बाया म्हणताच चार-पाच हात वर झाले! भागाकार तोच, मुले तीच. त्या मुलीला गणित येत होते. आपला भातशेतीचा मुलूख तिला ठाऊक नव्हता.

म्हणून मला वाटते, शिक्षिका घडते ती तीन गोष्टींनी. विद्यालयात मिळालेले विषयाचे ज्ञान ही पहिली. पाठ झाल्यावर चूक मायेने दाखवणारी अनुभवी बाई ही दुसरी. आणि मुलाचे घर, त्याची बोली, घरची कामे यांची ओळख ही तिसरी. ही तिसरी गोष्ट पुस्तकात मिळत नाही. ती आपणच देऊ शकतो.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश जागा पालकांना आणि निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या आहेत. त्या जागांवर नुसत्या सहीपुरत्या बसू नका. परगावची विद्यार्थिनी आली, तर तिला घरी बोलवा, चहा द्या, आवणीत कोणते मूल का येत नाही ते सांगा. उद्या हीच मुलगी कुठल्यातरी पाड्यावर एकटी वर्ग सांभाळील. तिथल्या मुलांचे नशीब थोडेसे आपल्याही हाती आहे.