जुन्या गावात नवी माणसं

जुनं पुस्तक दहा वर्षं कपाटात पडून राहिलं तरी उघडल्यावर तेच असतं. जुना सिनेमाही तसाच. पण इंटरनेटवर हजारो माणसं एकाच वेळी खेळतात, त्या खेळाचं तसं नाही. कुठल्यातरी कंपनीचे संगणक चालू असतात आणि त्यात माणसं वावरत असतात, तोवरच तो खेळ असतो. म्हणून अशा खेळात परतणं हे बरंचसं गावी परतण्यासारखं असतं. आज मी 'रनस्केप' नावाच्या अशाच एका गावाविषयी बोलणार आहे.

श्रोतेहो, ज्यांनी असे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रनस्केप सुरू झाला जानेवारी २००१ मध्ये, इंग्लंडमध्ये. अँड्र्यू गॉवर आणि त्याच्या भावांनी तो घडवला आणि केंब्रिजची जॅगेक्स ही कंपनी तो चालवू लागली. तुम्ही एक पात्र व्हायचं, लाकडं तोडायची, मासे पकडायचे, खाणीतून धातू काढून तलवारी घडवायच्या, जमलं तर राक्षसांशी लढायचं. त्या काळात तो ब्राउझरमध्येच चाले, संगणकावर वेगळं काही बसवावं लागत नसे. त्यामुळे सायबर कॅफेच्या मालकाची परवानगी न मागता आम्हा कॉलेजच्या पोरांना तो खेळता यायचा. तासाचे पैसे संपले की समोरच्या परदेशी मित्राला अर्ध्या वाक्यात सोडून उठावं लागे, एवढाच त्रास.

नवा माणूस लम्ब्रिज नावाच्या गावात येतो. तिथल्या वाड्यातला आचारी डोक्याला हात लावून बसलेला असतो. सरदाराचा वाढदिवस आहे, केक करायचा आहे आणि सामान आणायचंच राहून गेलंय! त्याला एक अंडं, बादलीभर दूध आणि मडकंभर पीठ आणून द्यायचं, हे नव्या माणसाचं पहिल्या कामांपैकी एक. अंडं कोंबड्यांच्या खुराड्यापाशी मिळतं, दुधासाठी गायीकडे जायचं. गंमत आहे ती पिठाची. शेतातून गहू घ्यायचा, गिरणीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर नेऊन ओतायचा, दांडा ओढायचा आणि खाली उतरून पीठ भरायचं. हे कुणी सांगत नाही. नवखा माणूस गव्हाची पेंढी घेऊन गिरणीभोवती घिरट्या घालतो. मग शेजारून जाणारा कुणीतरी थांबतो आणि म्हणतो, वरती जा. माझ्या मते या खेळाचा आत्मा त्या दोन शब्दांत आहे.

पुढे खेळ बदलला. पैसे घेऊन खेळातली नाणी विकणाऱ्यांचा सुळसुळाट झाला, म्हणून जानेवारी २००८ मध्ये कंपनीने खेळाडूंची आपसातली मोकळी देवाणघेवाण बंद केली. खरेदीविक्रीसाठी त्याच सुमारास एक मध्यवर्ती पेठ आली. तोवर बाजारपेठ म्हणजे बँकेच्या दारात उभं राहून ओरडणं, घासाघीस करणं. मोडकंतोडकं इंग्रजी बोलायला मी तिथेच शिकलो. मोकळी देवाणघेवाण २०११ साली परत आली, पण नोव्हेंबर २०१२ मध्ये लढाईची पद्धतच बदलली आणि असंख्य जुने लोक निघून गेले.

मग फेब्रुवारी २०१३ मध्ये एक नवल घडलं. कंपनीकडे ऑगस्ट २००७ मधल्या खेळाची एक जपून ठेवलेली प्रत होती. ती पुन्हा चालू करायची का, असा कौल तिने खेळाडूंना विचारला. साडेचार लाखांच्या आसपास मतं पडली आणि 'ओल्ड स्कूल रनस्केप' सुरू झाला. जुना नकाशा, जुनी गाणी, जुनी खडबडीत चित्रं, सगळं परत आलं. फक्त एक गोष्ट परत मिळाली नाही: कुणाचीही जुनी कमाई. ज्यांनी वर्षानुवर्षं घाम गाळून सोन्यानाण्याच्या राशी जमवल्या होत्या, तेही पहिल्या दिवशी रिकाम्या हाताने उभे. अनुभवी आणि नवखे एकाच पाण्याच्या काठी कोळंबी पकडत होते. परतणाऱ्यांवर हा अन्याय झाला असं तेव्हा काहींना वाटलं. मला मात्र खेळ तगला तो त्यामुळेच असं वाटतं.

कारण जाणकारांचं जाणतेपण फार लवकर कुंपण होतं. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या दुसऱ्या गाजलेल्या खेळाची जुनी आवृत्ती ऑगस्ट २०१९ मध्ये परत आणली गेली. मूळ खेळात रॅग्नारोस नावाच्या आगीच्या राक्षसाला पहिल्यांदा हरवायला खेळाडूंना पाच महिने लागले होते. या वेळी आठवड्याच्या आत तो पडला. राक्षस बराचसा जुनाच होता, समोरच्यांना मात्र सगळं पाठ होतं. अशा घाईत 'हे कसं करायचं?' असं विचारणाऱ्याला कुणी उत्तर देत नाही, त्याला गटातून काढून टाकणं सोपं जातं.

रनस्केपच्याच घरातलं दुसरं उदाहरण आहे. २००१ मधली अगदी मूळ आवृत्ती 'रनस्केप क्लासिक' या नावाने कंपनीने वेगळी चालू ठेवली होती. २००६ पासून तिथे नव्यांना दार बंद झालं. मध्ये काही वेळा थोडे दिवस ते उघडलं, तेवढंच. ऑगस्ट २०१८ मध्ये ती आवृत्ती कायमची बंद झाली. सांगितलेली कारणं तांत्रिक होती आणि ती खरीही असतील. पण ज्या गावात बारा वर्षं जवळजवळ कुणी नवं राहायला आलं नाही, तिथली डागडुजी करायची कुणासाठी? 'ओल्ड स्कूल'चं दार उघडंच राहिलं. २०१८ च्या अखेरीस तो मोबाइलवर आला. कुठलाही मोठा बदल आधी खेळाडूंच्या मताला टाकायची पद्धत तिथे पहिल्यापासून आहे. बदल संमत व्हायला कित्येक वर्षं ७५ टक्के मतं लागत. पुढे ही अट ७० वर आणली. नौकानयन हे अगदी नवं कौशल्यही असंच कौल घेऊन २०२५ मध्ये आलं.

आता या नव्यांशी वागायचं कसं? फसवणारे तिथे आहेतच. 'तुझं चिलखत दे, फुकटात सोनेरी काठ लावून देतो' ही तिथली जुनी थाप. असा काठ लावून देणारा कारागीर त्या जगात नाहीच. चिलखत गेलं ते गेलंच. दुसरा प्रकार आहे तो अति प्रेमाचा. श्रीमंत जुना खेळाडू नवख्याच्या हातात दहा लाख नाणी ठेवतो आणि खूश होऊन निघून जातो. मला हेही पटत नाही. कौशल्याची ९९ वी पातळी गाठायला १ कोटी ३० लाख ३४ हजार ४३१ गुण लागतात, आणि ९२ व्या पातळीला जेमतेम निम्मी वाट सरलेली असते. एवढ्या लांबच्या प्रवासाला निघालेल्याला पहिल्याच वळणावर सगळं विकत घेऊन दिलं, तर तो चालेल कशासाठी? असे दोन दिवसांत कंटाळून गेलेले मी पुष्कळ पाहिलेत. त्यापेक्षा विचारेल तेवढं सांगावं, हवं तर गिरणीपर्यंत सोबत जावं. दांडा त्याला ओढू द्यावा.

परवा लम्ब्रिजमध्ये एक मुलगा भेटला. मी किती वर्षं खेळतोय ते कळल्यावर म्हणाला, "म्हणजे मी जन्मायच्या आधीपासून!" मग लगेच, "पण मडकं कुठे मिळतं?" आपल्यापैकी कुणाला जाऊन पाहायचं असेल तर सांगून ठेवतो: सुरुवात करायला पैसे लागत नाहीत, आपला पासवर्ड मात्र कुणालाही सांगायचा नाही. आणि मडकं आचाऱ्याच्या स्वयंपाकघरात, टेबलावरच असतं.