समुद्राच्या तळाची माती
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



"तू कॉम्प्युटरवाली, तुझा मातीशी काय संबंध?" असं सकाळपासून तिघा-चौघांनी विचारलं. म्हणून त्याबद्दलच बोलते.

१९७४ मध्ये 'सागर सम्राट' या रिगने मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर समुद्राखाली तेल शोधलं. तेच आपलं 'बॉम्बे हाय'. तिथे पाणी साधारण ७५ मीटर खोल, म्हणजे पंचवीस मजली इमारत बुडेल इतकं. अशा ठिकाणी प्लॅटफॉर्म उभा करायचा आणि त्यावर माणसांनी रात्रंदिवस राहायचं, तर त्याचे खांब ज्या मातीत रोवायचे ती माती आधी तपासावी लागते.

जहाजावरून बोअर घेऊन मातीचे नमुने काढतात. शिवाय शंकूसारख्या टोकाची सळई सेकंदाला २ सेंटिमीटर या वेगाने तळात दाबतात. टोकाला विरोध किती, बाजूला घर्षण किती, मातीतल्या पाण्याचा दाब किती, हे आकडे सतत वर येतात. त्यांचे आलेख काढणारं सॉफ्टवेअर आमची टीम लिहिते.

ही माती फसवी असते. बॉम्बे हायच्या भागात शिंपल्यांच्या चुऱ्याची, चुनखडीयुक्त वाळू सापडते. तिचे कण पोकळ आणि ठिसूळ. खांब ठोकताना ते चुरडतात आणि खांबाला धरून ठेवणारी पकड सुटते. ऑस्ट्रेलियाच्या 'नॉर्थ रँकिन' प्लॅटफॉर्मचे खांब १९८२ मध्ये अशाच मातीत अपेक्षेपेक्षा फारच सहज खाली गेले. पुढे पाया मजबूत करायला मोठा खटाटोप करावा लागला.

दुसरा धोका कठीण थराखाली दडलेल्या मऊ थराचा. पायांवर उभी राहणारी रिग तिथे टेकवली, तर वरचा थर फुटून पाय एकदम खाली जातो आणि रिग कलते.

आता माझं काम. मूळ आलेख करवतीसारखा दातेरी येतो. "सरासरी काढून जरा गुळगुळीत करा, अहवालात बरा दिसेल," अशी मागणी नेहमी होते. पण जास्त सरासरी काढली की पातळ मऊ थर कागदावरून नाहीसा होतो. समुद्रात मात्र तो तिथेच असतो. यावर आमच्याकडे बरीच वादावादी झाली. मी एकच अट धरली: गुळगुळीत रेघ हवी तर काढा, पण मूळ वाचन त्याच पानावर दिसलंच पाहिजे. ती मान्य झाली.

मित्रांनो, हे मी इंजिनिअरिंगला शिकले नाही. आपल्या प्रयोगवहीत 'निरीक्षण' आणि 'अनुमान' असे दोन वेगळे रकाने असायचे. उत्तर जुळत नाही म्हणून निरीक्षण खोडलं, तर बाई वही परत द्यायच्या. त्या आज समोर बसल्या आहेत. बाई, तुमचे ते दोन रकाने मी अजून वेगळेच ठेवते.