कायद्याची पट्टी आणि पिस्तुलाची मूठ

हत्याराची मूठ हाताच्या मापाने घडते, असा आपला समज. पण कधी ती कायद्याच्या मापानेही घडते. मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर, १९६८ साली, अमेरिकेने बंदुकांचा नवा कायदा केला. खिशात लपणारी पिस्तुले परदेशांतून येऊ नयेत म्हणून किमान उंची ठरली ४ इंच. जर्मनीचे वाल्थर ‘पीपीके’ थोडक्यात नापास झाले. मग कारखान्याने काय केले? थोरल्या ‘पीपी’ पिस्तुलाचा मुठीकडचा सांगाडा घेऊन त्यावर ‘पीपीके’चा वरचा भाग बसवला. मूठ लांबली, माप भरले. आणि आत एक गोळी जास्त मावू लागली! पट्टीला माप कळते, हेतू कळत नाही. नियम देशाचा असो की शाळेचा, नेमके काय टाळायचे, ते आधी ठरवावे. पट्टी मग लावावी.