कोयता म्हणजे किती माणसं?



बीड जिल्ह्याला संगणकाचं शिक्षण नवं नाही. अंबाजोगाईचं अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ सालचं. संगणक शिकणाऱ्या मुलांपुढे सुरुवातीच्या वर्षांतच दोन विषय येतात: ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंग आणि डेटा स्ट्रक्चर. नावं दोन असली तरी प्रश्न एकच आहे. जगातला व्यवहार यंत्रात मांडायचा कसा? पुस्तकातली उदाहरणं मात्र ठरलेली. बँकेचं खातं, नाहीतर वर्तुळ आणि चौकोन. जर्नल पुरं होतं, तोंडी परीक्षा होते, विषय सुटतो. आज मी उदाहरण घेणार आहे ते ऊसतोडीचं.

दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. टोळीचा हिशेब कोयत्यावर चालतो, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. आता आपण 'कोयता' नावाचा क्लास, म्हणजे नोंदीचा साचा, लिहू. त्यात काय काय ठेवाल? उचल म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, तोडलेलं टनेज, खाडे, बाकी, हे सगळे सांगतील. नाव? बहुतेक जण एकच रकाना ठेवतील, आणि त्यात नवऱ्याचं नाव येईल. प्रोग्राम बिनचूक चालेल. अर्धी मजुरी करणारी बाई मात्र त्यात कुठेच नसेल. 'मजूर' हा वेगळा क्लास करून कोयत्यात दोन मजूर ठेवले, की बाईचं नाव येतं, तिचं काम येतं, तिचा आजारही नोंदवता येतो. क्लास लिहिणं म्हणजे कोणाला मोजायचं हे ठरवणं.

दुसरी गोष्ट एन्कॅप्स्युलेशनची, म्हणजे माहिती क्लासच्या आत बंद ठेवण्याची. परीक्षेत मुलं व्याख्या घडाघडा लिहितात. पण तिचा अर्थ टोळीच्या मुकादमाच्या वहीत कळतो. वही ज्याच्या हातात, बाकीचा आकडा त्याच्या हातात. आपल्या क्लासमध्ये 'बाकी' प्रायव्हेट ठेवायची. ती परस्पर कोणी बदलायची नाही. खाडा लावायचा तर तारीख आणि कारण दिल्याशिवाय लागणार नाही. टनेज भरलं की बाकी आपोआप कमी होईल.

टोळ्याही एका प्रकारच्या नसतात. डोकी सेंटरवाले मोळ्या डोक्यावरून वाहून ट्रक भरतात, गाडीवाले बैलगाडीतून ऊस स्वतः कारखान्यावर नेतात. उचल दोघांनाही असते, म्हणून ती मूळ क्लासमध्ये. 'ऊस पोचवा' ही आज्ञाही एकच, पण प्रत्येक जण ती आपल्या पद्धतीनं पाळतो. इनहेरिटन्स आणि पॉलिमॉर्फिझम याहून वेगळं काही नाही.

डेटा स्ट्रक्चरचंही तसंच. कारखान्यावर गाड्या नंबराला लागतात. आधी आला तो आधी रिकामा झाला पाहिजे, ही क्यू. हंगामात मधूनच एखादा कोयता टोळी सोडतो. यादी अ‍ॅरेमध्ये असेल, तर मागची सगळी नावं एकेक घर पुढे सरकवावी लागतात. लिंक्ड लिस्टमध्ये ते नाव सापडलं की फक्त एक दुवा बदलावा लागतो. नुसती ठराविक क्रमांकाची नोंद काढायची असेल, तर मात्र अ‍ॅरेतला दहावा कोयता थेट हाती लागतो, लिंक्ड लिस्टमध्ये पहिल्यापासून चालत जावं लागतं. कुठलं काम वारंवार पडतं, ते पाहूनच रचना निवडायची.

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धत जन्मली ती ओस्लोमध्ये, १९६०च्या दशकात. ओले-योहान डाल आणि क्रिस्टन निगार्ड यांनी तिथं सिम्युला ही भाषा घडवली, ती प्रत्यक्ष व्यवहाराची नक्कल यंत्रात करण्यासाठी. क्लास, ऑब्जेक्ट, इनहेरिटन्स सिम्युला ६७ मध्ये आले. सी प्लस प्लसनं ते तिथूनच घेतले. दोघांना २००१चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आपल्याला त्याहून महत्त्वाचं हे, की १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला निगार्ड नॉर्वेच्या लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम करत होते. कारखान्यात येणारी संगणक यंत्रणा कामगाराला समजावी आणि तिच्याबाबत त्याचं म्हणणं ऐकलं जावं, यासाठी.

म्हणून विद्यार्थ्यांना सांगणं आहे: प्रोजेक्टला पुन्हा 'लायब्ररी मॅनेजमेंट' घेऊ नका. गावातल्या एखाद्या कोयत्याचा हंगामाचा हिशेब समजून घ्या आणि पहिला क्लास त्यावर लिहा. आणि शिक्षकांनी तोंडी परीक्षेत व्याख्या विचारण्याआधी एवढंच विचारावं: तुझ्या क्लासमध्ये बाईचं नाव कुठं आहे?